इंडस क्रीड: 17 वर्षांनी नवीन गाणी कशाला?

आजचा अल्बम मुंबईच्या इंडस क्रीडचा, 2012 मधला 'इव्हॉल्व'.

आधी थोडी हिस्टरी. 1984 मध्ये हा बँड 'रॉक मशीन' नावाने सुरू झाला. तेव्हा आपल्याकडे रॉक बँड म्हणजे बहुतेक परदेशी गाण्यांची कव्हर्स. पब्लिकलाही तेच हवं असायचं. यांनी स्वतःची गाणी लिहिली, 1988 मध्ये अल्बम काढला. 1993 मध्ये नाव बदललं, 1995 मध्ये 'इंडस क्रीड' अल्बम आला आणि दोनेक वर्षांत बँड थांबला.

2010 मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया परत एकत्र आले. बास आणि ड्रम्सवर नवी पिढी: रशद मिस्त्री, जय रो कवी. आता सोपा रस्ता काय होता? जुनी हिट गाणी वाजवा, टाळ्या घ्या, घरी जा. पण मग ते स्वतःच्याच गाण्यांचा कव्हर बँड झाले असते की! ज्या गोष्टीविरुद्ध सुरुवात केली, तिथेच येऊन थांबले असते. म्हणून 'इव्हॉल्व'.

रत्नागिरीहून रात्रीची गाडी पकडाल तेव्हा हेडफोन लावा. आधी 1995 चा अल्बम, मग 2012 चा. आवाज तोच, पण घाई गेलेली. तुम्हाला कुठला जास्त आवडतो, नक्की कळवा.