आंतरराज्य स्थलांतर आणि कुटुंबाचा रहिवास : सांगली जिल्ह्यातील गलाई व्यावसायिकांच्या संदर्भात

प्रस्तावना

अधिक चांगल्या अर्थार्जनासाठी स्वतःचे राज्य सोडून दुसऱ्या राज्यात सहकुटुंब वास्तव्य करणे ही भारतीय समाजजीवनातील नवी घटना नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ कोटी व्यक्ती आपल्या पूर्वीच्या निवासस्थानापासून अन्यत्र राहत होत्या. त्यांपैकी राज्याची सीमा ओलांडलेल्यांची संख्या साडेपाच कोटींच्या आसपास, म्हणजे साधारणतः आठांत एक एवढी होती. महाराष्ट्रात स्थलांतराची चर्चा होते ती मुख्यतः परराज्यांतून येथे येणाऱ्यांविषयी. येथून बाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पसरलेली गलाई व्यावसायिकांची कुटुंबे हे या प्रकारच्या स्थलांतराचे ठळक उदाहरण होय.

या स्थलांतराचे वर्णन बहुधा यशोगाथा म्हणून केले जाते, आणि ते निराधार नाही. तथापि कमावता पुरुष परराज्यात जाणे आणि कुटुंब परराज्यात जाणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिली बाजारपेठेच्या नियमाने घडते, तर दुसरीला शाळा, दाखले, शिधापत्रिका आणि मतदार यादी यांच्या नियमांना सामोरे जावे लागते. हे नियम ‘रहिवास’ या एकाच शब्दाचे निरनिराळे अर्थ लावतात. त्याचा भार स्थलांतराचा निर्णय घेणाऱ्या पिढीवर पडण्याऐवजी तिच्या मुलांवर पडतो, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे

१) गलाई व्यवसायातील स्थलांतराची कारणे व त्याचे कौटुंबिक स्वरूप स्पष्ट करणे.
२) परराज्यात गेलेल्या कुटुंबाच्या शिक्षण, आरक्षण, मतदान व शिधावाटप यांविषयीच्या हक्कांची स्थिती विशद करणे.
३) महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व अधोरेखित करणे.

प्रस्तुत लेखन विवेचनात्मक पद्धतीचे असून ते कायदे, न्यायनिर्णय, जनगणना आणि स्थलांतरविषयक सिद्धान्त यांवर आधारलेले आहे.

सैद्धान्तिक पार्श्वभूमी

ई. जी. रॅव्हेन्स्टीन यांनी १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले. एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये मूळ ठिकाणचे घटक, गंतव्य ठिकाणचे घटक, मधले अडथळे आणि व्यक्तिगत घटक अशी चतुर्विध मांडणी केली. हॅरिस व टोडारो यांच्या १९७० मधील प्रतिमानाने प्रत्यक्ष वेतनापेक्षा अपेक्षित वेतनाला महत्त्व दिले. या मांडण्यांत निर्णय घेणारी व्यक्ती प्रामुख्याने एकटी कल्पिलेली आहे. ओडेड स्टार्क व डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या दृष्टिकोनात मात्र कुटुंब हे निर्णयाचे एकक मानले गेले. शेतीतील अनिश्चितता विभागली जावी म्हणून कुटुंब आपल्यातील एकास दूर पाठवते, गावाकडील शेती व परगावची कमाई एकमेकींना आधार देतात, असे हा दृष्टिकोन सांगतो. गलाई व्यावसायिकांच्या बाबतीत हा दृष्टिकोन अधिक लागू पडतो, कारण त्यांनी गाव सोडले तरी शेत, घर आणि भाऊबंदकी सोडलेली नाही.

गलाई व्यवसाय : स्थलांतराची कारणे व स्वरूप

वर उल्लेखिलेले तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. बेभरवशाचा पाऊस, हलक्या जमिनी आणि वाटण्यांमुळे लहान होत गेलेले धारणक्षेत्र यांमुळे केवळ शेतीवर कुटुंबाचा निर्वाह कठीण होता. १९७२ च्या दुष्काळाने बाहेर पडण्याच्या प्रवृत्तीला अधिक गती दिली. दुसऱ्या बाजूला तमिळनाडू व केरळ या राज्यांत सोन्याच्या दागिन्यांची मागणी मोठी आहे. कोइम्बतूर व त्रिशूर ही दागिने घडविण्याची प्रमुख केंद्रे आहेत. जेथे दागिने घडतात तेथे जुने दागिने मोडलेही जातात आणि मोडीचे सोने शुद्ध करून देणारा कारागीर आवश्यक ठरतो.

या व्यवसायाची प्रक्रिया समजून घेतल्यास त्याचे कौटुंबिक स्वरूपही उलगडते. मोडीच्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून ते मुशीत वितळवतात. त्या मिश्रणाचे बारीक कण किंवा पातळ पत्रे करून ते नत्राम्लात उकळतात. चांदी व तांबे आम्लात विरघळतात आणि सोने तपकिरी भुकटीच्या रूपात तळाशी उरते. ती भुकटी धुऊन, टाकणखार घालून पुन्हा वितळवली की शुद्ध सोने मिळते. आम्लात गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या घालून परत मिळवली जाते. या कामात भांडवल तुलनेने कमी लागते, कौशल्य मात्र हाताखाली राहूनच शिकावे लागते.

सराफाने दिलेला माल एकदा मुशीत गेला की त्याची मूळ ओळख पुसली जाते. त्यामुळे हा व्यवसाय पूर्णतः विश्वासावर उभा आहे. अनोळखी मदतनिसापेक्षा भाचा, पुतण्या किंवा गावातील ओळखीचा मुलगा हाताशी घेणे यात स्वाभाविक ठरते. तो मुलगा काम शिकतो, काही वर्षांनी दुसऱ्या गावात स्वतःचे दुकान मांडतो आणि आपल्या नात्यातील आणखी एकास बोलावून घेतो. समाजशास्त्रात ज्यास साखळी स्थलांतर म्हणतात, त्याचा हा नमुना आहे. आम्लाच्या तांबूस वाफा फुप्फुसांना अपायकारक असतात, हीही या व्यवसायाची एक बाजू आहे. दुकान व राहते घर लगत असल्यास हा अपाय कारागिरापुरता मर्यादित राहत नाही.

या व्यवसायावर शासकीय धोरणांचाही वेळोवेळी परिणाम झाला. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्किंग यांमुळे तोंडी विश्वासावरील व्यवहार लेखी नोंदींकडे वळला. व्यवसायाच्या क्षेत्रात झालेला हाच बदल कुटुंबाच्या क्षेत्रातही दिसून येतो. पूर्वी गावच्या ओळखीवर भागत असे, आता प्रत्येक गोष्टीस दाखला लागतो.

कुटुंबाचा रहिवास : कायद्याच्या दृष्टीने

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ नुसार प्रत्येक नागरिकास देशात कोठेही संचार करण्याचा, वास्तव्य करण्याचा व व्यवसाय करण्याचा हक्क आहे. परंतु शिक्षण, आरक्षण व कल्याणकारी योजना यांचा बराचसा भाग राज्यनिहाय आखला जातो. कंत्राटदारामार्फत परराज्यात नेलेल्या मजुरांसाठी १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. मात्र स्वतःचे दुकान मांडून बसलेले कुटुंब त्याच्या कक्षेत येत नव्हते. अशा कुटुंबाच्या संदर्भात पुढील चार बाबी महत्त्वाच्या ठरतात.

१) शालेय शिक्षण व भाषा : अनुच्छेद ३५०-अ नुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. प्रत्यक्षात विखुरलेल्या कुटुंबांना दक्षिणेतील शहरांत मराठी माध्यमाची शाळा मिळणे कठीणच. तमिळनाडूने २००६ च्या कायद्याने शाळांत तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. कर्नाटकाने २०१५ मध्ये कन्नडसाठी, केरळने २०१७ मध्ये मल्याळमसाठी, तेलंगणाने २०१८ मध्ये तेलुगूसाठी आणि महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी असे कायदे केले. प्रत्येक राज्याची स्वभाषेविषयीची भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु ज्या मुलाचे घर दोन राज्यांत आहे, त्याला जाताना एक भाषा आणि परतताना दुसरी भाषा नव्याने गाठावी लागते. घरात अस्खलित मराठी बोलणारा मुलगा आठवीत गावी परततो, तेव्हा त्याला मराठीचे पाठ्यपुस्तक वाचता येत नाही. हा त्याच्या बुद्धीचा दोष नसून स्थलांतराच्या वेळेचा परिणाम असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ ने प्राथमिक स्तरावरील बालकास राज्याबाहेरील शाळेतही बदली मागण्याचा हक्क दिला आहे. दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ही तरतूद पालकांना माहीत असणे आवश्यक आहे.

२) अधिवास व आरक्षण : महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी साधारणतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात विद्यार्थी दहावी-बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण झाला यासही महत्त्व असते. वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमाच्या राज्य कोट्यासाठी तर अधिवासाबरोबरच या दोन्ही परीक्षा, काही अपवाद वगळता, महाराष्ट्रातून उत्तीर्ण होणे अपेक्षित असते. परिणामी परराज्यात शिकलेला विद्यार्थी मूळ राज्यात ‘बाहेरचा’ ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले, परंतु पदवी स्तरावरील स्थिती वेगळी आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांपुढील अडचण अधिक गंभीर आहे. मर्री चंद्रशेखर राव खटल्यात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले, की स्थलांतर करून गेलेल्या व्यक्तीस मूळ राज्यातील जातीच्या आधारे दुसऱ्या राज्यात त्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत. २०१८ मधील बीर सिंह खटल्यातही हेच तत्त्व राज्यांच्या बाबतीत कायम राहिले. म्हणजेच अशा कुटुंबास परराज्यातील कमाईची किंमत संवैधानिक संरक्षणाच्या रूपाने मोजावी लागते. स्थलांतराच्या आर्थिक हिशेबात ही बाब क्वचितच धरली जाते.

३) मतदान : १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार हा त्या मतदारसंघातील ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावा लागतो. कलम २० नुसार केवळ घर मालकीचे असल्याने कोणी सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. त्याचबरोबर तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे तो दर्जा गमावलाही जात नाही. एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. ग्रामपंचायतीची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होत असल्याने गावच्या यादीतील नाव काढणे म्हणजे गावच्या कारभारातील आपला शब्द सोडणे होय. गावात बांधलेले घर, यात्रेला होणारे येणे आणि मंदिर-शाळेसाठी दिलेली देणगी यांतून जपलेले नाते आणि दहा महिने जेथे राहतो तेथील नगरपालिकेतील मताधिकार यांत कुटुंबास निवड करावी लागते.

४) शिधावाटप : या चार बाबींपैकी शिधावाटपात मात्र समाधानकारक प्रगती झाली आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेचा आरंभ २०१९ मध्ये झाला आणि जून २०२२ पर्यंत ती सर्व राज्यांत पोहोचली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील लाभार्थी कुटुंबातील काहींनी परराज्यात आणि काहींनी गावी आपापल्या वाट्याचे धान्य घेण्याची सोय तीत आहे. कुटुंब दोन ठिकाणी विभागलेले असू शकते, हे वास्तव या योजनेने मान्य केले. धान्याच्या बाबतीत जे शक्य झाले ते दाखल्यांच्या बाबतीत का होऊ नये, असा प्रश्न यातून उपस्थित होतो.

विभागलेले कुटुंब

वरील नियमांमुळे कुटुंबे स्वतःच काही मार्ग काढतात. काही ठिकाणी पुरुष एकटाच परराज्यात राहतो आणि पत्नी गावी शेती व सासू-सासरे सांभाळते. काही ठिकाणी संपूर्ण कुटुंब जाते, परंतु मुले आठवी-नववीच्या सुमारास आजी-आजोबांकडे परत पाठवली जातात. काही ठिकाणी मुले परराज्यातच शिकून पुढे वडिलांच्या दुकानात बसतात, कारण त्यांना दोन्हीकडच्या प्रवेशप्रक्रियेत अडचणी येतात. पहिल्या प्रकारात स्त्रीवरील श्रमाचा भार वाढतो, दुसऱ्यात किशोरवयीन मूल आईवडिलांपासून दुरावते आणि तिसऱ्यात व्यवसाय ही निवड न राहता उरलेला एकमेव पर्याय बनतो. ‘धंदा वडिलोपार्जित आहे’ या विधानामागे काही वेळा हे कारण दडलेले असते.

आज परतीचा प्रश्नही पुढे आला आहे. कृष्णेचे पाणी उचलून देणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेमुळे या तालुक्यांतील अनेक गावांत शेतीचे चित्र पालटले. ज्या कारणाने गाव सोडले ते कारण काही अंशी सौम्य झाले असले, तरी दरम्यान वाढलेल्या पिढीची शाळा, भाषा व मित्रपरिवार परराज्यातील आहे. वडिलांच्या दृष्टीने जे परतणे आहे, तेच मुलांच्या दृष्टीने नवे स्थलांतर ठरते.

निष्कर्ष

१) गलाई व्यावसायिकांचे स्थलांतर हे नातेसंबंध व विश्वास यांवर आधारलेले कौटुंबिक स्थलांतर आहे, केवळ वेतनातील तफावतीने त्याचा उलगडा होत नाही.
२) शाळा, अधिवास, मतदान व शिधावाटप यांसाठी रहिवासाच्या व्याख्या भिन्न असल्याने एकच कुटुंब एका कामासाठी येथील, तर दुसऱ्यासाठी तेथील ठरते.
३) स्थलांतराचा आर्थिक लाभ पहिल्या पिढीस लवकर मिळतो, तर त्याचे शैक्षणिक मूल्य दुसऱ्या पिढीस दहावी-बारावीच्या टप्प्यावर चुकवावे लागते.
४) सहकुटुंब स्थलांतराची वेळ ठरविताना मुलांची इयत्ता हा घटक उत्पन्नाइतकाच निर्णायक मानला पाहिजे. पहिलीपूर्वीचे स्थलांतर भाषेच्या दृष्टीने सोपे, तर आठवी ते दहावी या काळातील सर्वाधिक जोखमीचे ठरते.

समारोप

हा प्रश्न महाविद्यालयाच्या दारापर्यंत येतो तो प्रवेश अर्जाच्या रूपाने. परराज्यातील मंडळाचे गुणपत्रक घेऊन आलेला मराठी आडनावाचा विद्यार्थी आपल्यासमोर उभा असतो, तेव्हा त्याच्याकडे कोणता दाखला नाही एवढेच पाहून थांबणे पुरेसे नाही. अशा विद्यार्थ्यांसाठी मराठी वाचन-लेखनाचा अल्पकालीन वर्ग, प्रवेशापूर्वी दाखल्यांविषयी मार्गदर्शन आणि यात्रेच्या दिवसांत गावी आलेल्या पालकांची सभा, या तीन गोष्टी कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयास मोठ्या खर्चाविना करता येण्याजोग्या आहेत. दहावीनंतर दिलेला सल्ला बहुधा उशिरा पोहोचतो. तो सातवी-आठवीतच पोहोचावयाचा तर महाविद्यालयाने गावाकडे जावयास हवे. सोन्याचा कस लावणाऱ्या हातांनी आपल्या कुटुंबासाठी परमुलखात जे कमावले, ते पुढच्या पिढीच्या शिक्षणात उतरावे, यासाठी अध्यापकवर्गाचे एवढे साहाय्य अपेक्षित आहे.