हिमनदी आधी, जहाज मागाहून

हिमनद्या पाहण्यासाठी सागरी सफरीला निघण्याची आकांक्षा आता केवळ धनिकांपुरती उरलेली नाही. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पुंजीच्या बळावर, किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या आग्रहाखातर, अलास्का, नॉर्वे, पातागोनिया ही नावे गोव्यातील लाटंबार्स्यासारख्या, दोडामार्गच्या हद्दीला भिडलेल्या आणि चिऱ्यांच्या घरांत व कुळागरांत रमलेल्या गावातही आता सहज उच्चारली जातात. मात्र सफरीची चर्चा सुरू झाली, की प्रथम चौकशी होते ती जहाजाची: मजले किती, खोलीला सज्जा आहे की नाही, शाकाहारी भोजनाची व्यवस्था कशी, आणि ज्या हिमनदीसाठी एवढा खर्च करावयाचा, ती कोणती, तिच्यापुढे जहाज किती वेळ थांबणार व तिच्या किती जवळ जाणार, हा तपशील पैसे भरून झाल्यावर, बहुधा विमानात बसल्यावर, वाचला जातो. हा क्रम उलटा झाला पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. हिमनदी आधी निवडावी, तिला योग्य असा महिना त्यानंतर, आणि जहाज सर्वांत शेवटी.

हिमाशी गोव्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणी करील, तर त्याचे उत्तर मुरगाव बंदराच्या इतिहासात आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक डॉ. सय्यद जहूर कासिम हे तिचे नेते होते, ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेले नॉर्वेजियन जहाज तिचे वाहन होते, आणि २१ जणांची ही तुकडी ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. आज सडा येथील हेडलँडवर जी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था उभी आहे, तिचे शास्त्रज्ञ अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ व ‘भारती’ या केंद्रांचा कारभार तर पाहतातच, शिवाय हिमाचल प्रदेशातील चंद्रा खोऱ्याच्या हिमनद्यांचीही वर्षानुवर्षे मोजदाद करतात. तेव्हा ज्या प्रदेशाच्या किनाऱ्यावर हिमाचे एवढे अध्ययन चालते, तेथील प्रवाशाने हिमनदीकडे डोळस दृष्टीने पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

सफरीची पत्रिका हातात आली, की पहिला प्रश्न असा विचारावा: ही हिमनदी समुद्राला मिळते काय? हिमालयातील हिमनद्या भूमीवरच, समुद्रसपाटीपासून हजारो फूट उंचीवर वितळून संपतात, म्हणून गोमुखाला पायीच जावे लागते. ज्या हिमनदीचे मुख खाऱ्या पाण्यात उभे असते, तीच जहाजाच्या कठड्यावरून पाहता येते आणि तिच्याच मुखातून हिमखंड सुटून समुद्रात कोसळताना दिसतात. अशा सागरमुखी हिमनद्या मोजक्याच किनाऱ्यांवर आहेत, आणि त्यांतही अलास्काचा दक्षिण किनारा विशेष, कारण तेथे जे घडते त्याचे तत्त्व गोमंतकीयाला शाळेपासून परिचित आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीने अडविले, ते वर चढले, थंड झाले आणि आषाढात डिचोलीच्या डोंगरांवर बरसले. पॅसिफिकवरून आलेले बाष्प सेंट इलायस आणि फेअरवेदर या पर्वतरांगा नेमके असेच अडवितात, परंतु सेंट इलायस शिखराची उंची ५,४८९ मीटर असल्यामुळे तेथे पावसाच्या जागी हिम पडते. उन्हाळ्यात जेवढे वितळते त्याहून अधिक हिम वर्षानुवर्षे साचत गेले, की खालचे थर वरच्या भाराने दाबले जातात, त्यांतील हवा बाहेर पडते किंवा सूक्ष्म बुडबुड्यांत कोंडली जाते, आणि घट्ट झालेले ते बर्फ स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागते. घट्ट बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते आणि निळा तेवढा परत पाठविते. तो निळा रंग लख्ख उन्हापेक्षा ढगाळ दिवशी अधिक खुलतो, म्हणून सफरीत पाऊस लागला तर हळहळण्याचे कारण नाही. आपल्याला पावसाची सवय आहे, आणि उत्तम रेनकोट हा या प्रवासातील पहिल्या प्रतीचा दागिना आहे.

अलास्कातील सर्व मार्गांत मी ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानाला अग्रस्थान देतो, आणि ते केवळ सौंदर्यासाठी नव्हे. कॅप्टन व्हँकुव्हरच्या लोकांनी १७९४ साली हा किनारा पाहिला, तेव्हा आज जेथे उपसागर आहे तेथे हिमाची प्रचंड भिंत होती आणि किनाऱ्याला नुसता एक खळगा होता. १८७९ साली निसर्गअभ्यासक जॉन म्यूर तेथे होडीने पोहोचला, तोवर ते हिम पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास मागे हटले होते. आणि १९१६ पर्यंत ग्रँड पॅसिफिक हिमनदी उपसागराच्या मुखापासून सुमारे १०५ किलोमीटर आत जाऊन पोहोचली. याचा अर्थ असा, की सकाळी प्रवेश करून जहाज जसजसे आत जाते, तसतसे आपण हिमाच्या माघारीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो: आरंभी देवदारवर्गातील घनदाट अरण्य, मग आल्डरची खुरटी झाडी, मग शेवाळ, आणि अखेरीस नुकताच उघडा पडलेला नागडा खडक. मृदा कशी निर्माण होते आणि वनस्पती ओसाड भूमीवर कोणत्या क्रमाने वसाहत करतात, याचे एवढे सुस्पष्ट प्रात्यक्षिक मला तरी दुसरे ठाऊक नाही. याच हिमाने त्याआधी पुढे सरकताना हुना त्लिंगित लोकांची गावे गिळली होती. विस्थापित झालेल्या त्या समाजाचे सभागृह बार्टलेट कोव्ह येथे २०१६ साली पुन्हा उभे राहिले, ही गोष्टही प्रवाशाने जाणून घ्यावी.

या उद्यानात एका दिवसात दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवाना मिळतो. म्हणून पत्रिकेवर ‘अलास्का’ असे ठळक अक्षरांत छापलेले असले, तरी ग्लेशियर बे हे नाव तीत स्वतंत्रपणे नमूद आहे काय, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. उद्यानाचे अधिकारी छोट्या नौकेतून येऊन जहाजावर चढतात व दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. जहाज कोठेही धक्क्याला लागत नाही. मार्जरी हिमनदीसमोर ते सुमारे तासभर थांबते आणि तेथे सावकाश वळते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दर्शन घडते. मार्जरीच्या शेजारीच ग्रँड पॅसिफिक आहे. तिचे मुख दगडमातीने इतके माखलेले आहे, की डिचोलीच्या माणसाला तो खाणीचा डंपच वाटावा, आणि बहुतेक प्रवासी त्याकडे पाठ फिरवून शुभ्र मार्जरीची छायाचित्रे घेत राहतात. वस्तुतः हा सारा उपसागर कोरणाऱ्या हिमाचा वारसा त्या काळवंडलेल्या भिंतीकडे आहे.

हबर्ड हिमनदीचा मामला निराळा. सुमारे १२२ किलोमीटर लांबीची ही हिमनदी कॅनडातील पर्वतांतून उतरून याकुतातजवळच्या डिसएन्चांटमेंट बे या खाडीत येते, आणि अन्य बहुतेक हिमनद्या आकसत असताना ही १८९५ पासूनच्या मोजणीप्रमाणे पुढेच सरकत आली आहे. कोणी याचा आधार घेऊन पृथ्वी तापत नाही असे सांगू लागला, तर त्याला एवढेच सांगावे, की हबर्डचे हिम साठविणारे क्षेत्र तिच्या एकूण विस्ताराचा फार मोठा हिस्सा व्यापते, तिच्या मुखापुढे तिनेच लोटून आणलेल्या गाळाचा बांध तिला खोल पाण्यापासून जपतो, आणि सागरमुखी हिमनदीची चढउतार अशा स्थानिक कारणांवरही अवलंबून असते. अलास्कातील हिमनद्यांचा एकत्रित हिशेब मात्र तुटीचाच आहे, आणि ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांची हिमावरणे वगळता जगातील कोणत्याही प्रदेशाच्या हिमनद्यांपेक्षा समुद्राच्या पातळीत अधिक भर अलास्कातूनच पडते. मांडवीकाठच्या खाजनशेतीचे बांध राखणाऱ्यांना त्या भरीचा अर्थ विशद करून सांगण्याची गरज नाही. १९८६ आणि २००२ साली हबर्डने पुढे येऊन रसेल फ्योर्डचे तोंडच बंद केले होते, आणि तुंबलेले पाणी शेवटी बांध फोडून बाहेर पडले. तिच्या उगमाजवळ पडलेले हिम मुखाशी यायला चारशे वर्षांच्या आसपास काळ लागतो. म्हणजे आज जो खंड आपल्यासमोर कोसळतो, तो आकाशातून उतरला तेव्हा डिचोलीवर आदिलशाहीचा अंमल होता. हिमखंड सुटताना आधी मनोरा निःशब्द कलंडताना दिसतो, पाणी उसळते, आणि जहाज एक किलोमीटरवर असेल तर तीन सेकंदांनी गडगडाट कानी येतो. सेकंद मोजून अंतर काढण्याचा हा प्रयोग मुलांकडून अवश्य करून घ्यावा.

आता मार्गाचा प्रकार. सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या सफरी स्वस्त व सोयीच्या खऱ्या. परंतु १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजांना वाटेत परदेशी बंदराला लागावेच लागते, आणि कॅनडातील व्हिक्टोरियाच्या त्या थांब्यात, कित्येकदा रात्रीच्या वेळी, काही तास खर्ची पडतात. व्हँकुव्हरहून निघून उत्तरेस व्हिटियर किंवा सीवर्ड येथे संपणारी एकमार्गी सफर विमानभाड्याच्या दृष्टीने महाग पडली, तरी ती अलास्काचे आखात ओलांडून जाते, आणि म्हणून ग्लेशियर बेबरोबर हबर्ड, किंवा १८९९ च्या हॅरिमन मोहिमेने जेथील हिमनद्यांना अमेरिकेतील महाविद्यालयांची नावे दिली तो कॉलेज फ्योर्ड, एकाच फेरीत पदरात पडू शकतो. हिमनदी हाच हेतू असेल, तर माझे मत निःसंशय एकमार्गी सफरीच्या बाजूने आहे. भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा अनेकवार प्रवेशाचा व्हिसा आणि कॅनडाचा व्हिसा असे दोन्ही दाखले हाती असल्याखेरीज रक्कम भरू नये. कुटुंबात एखाद्याकडे पोर्तुगीज पारपत्र असेल, तर त्याचे नियम निराळे आहेत, ते वेगळे पाहावेत.

महिन्याची निवड करताना विज्ञान आणि गृहस्थाश्रम यांचा मेळ घालावा लागतो. मे आणि जून हे त्या किनाऱ्यावरील तुलनेने कोरडे महिने, तर ऑगस्टअखेरीपासून पाऊस वाढत जातो. परंतु ग्लेशियर बेमधील जॉन्स हॉपकिन्स ही फाट्याची खाडी १ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत क्रूझ जहाजांना बंद असते, कारण तेथील तरंगत्या हिमखंडांवर सील माद्या पिलांना जन्म देतात व वाढवितात. ती पाहावयाची तर सप्टेंबरच गाठला पाहिजे. आणि सप्टेंबर म्हटला की आपल्यापुढे चतुर्थी उभी राहते. २०२६ साली चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, त्यामुळे पहिल्या आठवड्यातील सफर करून माटोळी बांधण्याआधी घरी पोहोचणे ओढाताणीचे असले तरी शक्य आहे. २०२७ साली ती ४ सप्टेंबरला येत असल्याने विसर्जनानंतरच निघणे श्रेयस्कर. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांनी जूनचा पूर्वार्ध धरावा.

जहाज निवडण्याची पाळी आता आली. सज्जा असलेल्या खोलीसाठी दुप्पट मोजण्यापेक्षा, नाळेवरचा उघडा डेक हिमनदीसमोर प्रवाशांसाठी खुला करतात काय, याची चौकशी अधिक फलदायी. आणि गोव्यात ही चौकशी करणे इतरांपेक्षा सोपे, कारण अलास्काच्या जहाजांवर काम केलेला कोणी ना कोणी नात्यात किंवा ओळखीत निघतोच. एजंटाकडून मात्र हिमनदीसमोरचे तास लेखी मागून घ्यावेत. हिम दाटले किंवा धुके उतरले तर कप्तान मार्ग बदलू शकतो, ही अट प्रत्येक कंपनीच्या करारात असते आणि ती रास्तच आहे: १० ऑगस्ट २०२५ रोजी ट्रेसी आर्म या लोकप्रिय फ्योर्डमध्ये साउथ सॉयर हिमनदीजवळचा डोंगर कोसळून प्रचंड लाट उसळली होती. हिम मागे हटले, की त्याने पेलून धरलेले कडे निराधार होतात.

अलास्काखेरीज अन्य मार्गांविषयी थोडक्यात. ग्रीनलंडमधील इलुलिसात येथे हिमनदीचे मुख दिसत नाही, कारण फ्योर्ड हिमनगांनी भरलेला असतो. तेथे हिमनग पाहण्यासाठी जावे. अंटार्क्टिकाला जाताना पाचशेहून अधिक प्रवासी नेणारे जहाज निवडले, तर भूमीवर पाऊल ठेवता येणार नाही, आणि लहान जहाजांतूनही एका वेळी शंभर जणांनाच उतरता येते. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत दोनशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना मज्जाव आहे, त्यामुळे तेथे मोठ्या जहाजाची पत्रिका पाहूनच बाजूला ठेवावी.

तरीही ज्याला भारतीय म्हणून एकच मार्ग निवडावयाचा असेल, त्याने स्वालबार्डमधील कोंग्सफ्योर्ड ज्या पत्रिकेत आहे ती लहान जहाजाची सफर पाहावी. तेथील न्यू-ओलेसुंद या वसाहतीत भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र १ जुलै २००८ पासून कार्यरत आहे, आणि त्याच फ्योर्डच्या पाण्यात १९२ मीटर खोलीवर २०१४ साली ‘इंडआर्क’ ही भारतीय वेधशाळा बसविण्यात आली. तिची उपकरणे पाण्याचे तापमान व क्षारता टिपतात, कारण अटलांटिकचे उबदार पाणी फ्योर्डमध्ये किती शिरते, यावर तेथील हिमनद्यांचे आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून आहे. समोरचा ब्लोमस्ट्रांड हा भूभाग नकाशांत द्वीपकल्प म्हणून नोंदला गेला होता. १९९० च्या दशकात त्याला जमिनीशी जोडणारी हिमनदी मागे हटली आणि ते बेट निघाले. न्यू-ओलेसुंदला उतरण्यापूर्वी मोबाइलचे वायफाय व ब्लूटूथ बंद करावे लागते, कारण तेथील दुर्बिणी अतिदूरच्या रेडिओलहरी टिपत असतात. छायाचित्रे मात्र काढता येतात, तेव्हा कॅमेऱ्याची जोडणी आधीच तोडून ठेवावी.