नाण्यांची संगणकीय प्रतवारी

संग्राह्य नाण्याची झीज, ठशाचा उठाव, पृष्ठभागावरील ओरखडे व मूळ चकाकी यांचे संगणकाच्या साहाय्याने मापन करून त्याचा दर्जा अंकांत ठरविण्याची पद्धत. नाण्याची विक्रीची किंमत पुष्कळ अंशी त्याच्या प्रतीवर अवलंबून असते. तथापि एकाच नाण्याची प्रत दोन जाणकार वेगवेगळी ठरवितात. हा मतभेद कमी करणे, हा या पद्धतीचा मूळ हेतू होय.

अमेरिकन संग्राहक विल्यम शेल्डन याने 1949 मध्ये तांब्याच्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी 1 ते 70 अशी अंकश्रेणी मांडली. तीत 1 हा अंक जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याचा, 70 हा निर्दोष नाण्याचा व 60 पासून पुढचे अंक चलनात न वापरलेल्या नाण्यांचे असतात. पुढे ही श्रेणी इतर नाण्यांनाही लागू करण्यात आली. 1986–87 मध्ये अमेरिकेत नाण्याची प्रत ठरवून ते मोहोरबंद पेटिकेत देणाऱ्या व्यावसायिक संस्था निघाल्या. 1990 च्या सुमारास मॉर्गन डॉलर या चांदीच्या नाण्यांवर संगणकीय प्रतवारीचे प्रयोग झाले. परंतु त्यांनी जाणकारांची जागा घेतली नाही.

या पद्धतीत नाण्याचे वजन व व्यास मोजून दोन्ही बाजूंच्या प्रतिमा घेतात. चकाकी प्रकाशाच्या कोनानुसार बदलत असल्याने एकच प्रतिमा पुरत नाही. प्रकाशाची दिशा बदलून अनेक प्रतिमा घ्याव्या लागतात. जाणकारांनी आधी प्रत ठरविलेल्या बहुसंख्य नाण्यांच्या प्रतिमांवरून संगणकाला शिकविले जाते व नवे नाणे त्यांच्याशी ताडून अंक काढला जातो. म्हणजेच यंत्राच्या निर्णयातही मूळ जाणकारांची मते व त्यांतील दोष उतरतात.

यंत्राने पाडलेली एकसारखी नाणी या पद्धतीस सोयीची असतात. भारतात 1835 च्या अधिनियमानंतर पाडलेले 180 ग्रेन (सु. 11.66 ग्रॅ.) वजनाचे रुपये अशा प्रकारचे आहेत. त्यापूर्वीच्या हातघडणीच्या नाण्यांत मात्र ठसा पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे लेखाचा काही भाग नाण्यावर उमटतच नसे. असा न उमटलेला भाग व झिजलेला भाग यांतील फरक केवळ प्रतिमेवरून ओळखणे कठीण असते.

या मर्यादेचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आढळते. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याच्या नासिक लेण्यांतील लेखात दमण, डाहणूका इ. नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचा उल्लेख आहे. डाहणूका म्हणजे आजचे डहाणू (जि. पालघर) असे मानतात. त्यावरून डहाणू-तलासरी परिसर नहपानाच्या सत्तेखाली असल्याचे दिसते. नासिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा निधी सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. केवळ पृष्ठभागाचे मापन करणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ही नाणी विद्रूप ठरतील व त्यांचा अंक घसरेल. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र त्या दुसऱ्या ठशामुळेच सत्तांतराचा पुरावा मिळतो. यास्तव प्रत व महत्त्व या भिन्न गोष्टी मानाव्या लागतात.

उच्च अंकाच्या मोहापायी नाणी घासून चमकविल्यास मूळ पृष्ठभाग कायमचा नष्ट होतो, तर निधीतील निवडक चांगली नाणी विकून उरलेली वितळविल्यास त्यांचा एकत्रित संदर्भ नाहीसा होतो. भूमिगत निधी सापडल्यास 1878 च्या अधिनियमानुसार शासनास कळविणे आवश्यक असते. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमान्वये खाजगी व्यक्तीस प्रतवारीसाठीही परदेशी पाठविता येत नाहीत. अशा नाण्यांच्या बाबतीत संगणकाचा खरा उपयोग अंक देण्यापेक्षा प्रत्येक नाण्याची प्रतिमा व वजन नोंदवून ठेवण्यास आणि एकाच ठशाची नाणी हुडकण्यास होतो. अखेरचा निर्णय मात्र नाणे प्रत्यक्ष हाताळणाऱ्या नाणकशास्त्रज्ञाकडेच राहणे इष्ट होय.