चपळ कार्यपद्धती आणि लेखनाचा संकोच

2001 साली अमेरिकेतील युटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञांनी एक जाहीरनामा सिद्ध केला. त्यातून रूढ झालेल्या ‘अजाइल’ म्हणजे चपळ कार्यपद्धतीत सॉफ्टवेअर लहान लहान टप्प्यांनी रचले जाते. सविस्तर दस्तऐवजापेक्षा चालणाऱ्या आज्ञावलीला आणि लेखी व्यवहारापेक्षा समोरासमोरच्या संभाषणाला तीत अधिक मान आहे. हा मान कितपत योग्य, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

बोलणे प्रसंगाला बांधलेले असते. बारामती-इंदापूरकडील ऊसनोंदीचे उदाहरण घेऊ. साखर कारखान्यात लागणीची तारीख व उसाचा प्रकार पाहून तोडणीचा क्रम लावतात. आडसाली, पूर्वहंगामी व सुरू या उसांना लागणीची तारीख असते. खोडव्याची मात्र नव्याने लागण होत नाही; त्याचे वय मागील तोडीपासून मोजावे लागते. समजा, अशा नोंदीची आज्ञावली रचणाऱ्या संघात सकाळच्या बैठकीत ठरले, ‘खोडव्याला तोडीचीच तारीख लागणीच्या रकान्यात घ्या.’ उपस्थितांना अर्थ स्वच्छ कळला. लिहून कोणीच ठेवले नाही. पुढे ती माणसे नोकरी सोडून गेली. नवागताला ‘लागणीची तारीख’ शब्दशः कळली आणि त्याने खोडव्यालाही मूळ लागणीची तारीख लावून ‘दुरुस्ती’ केली. परिणामी कोवळा खोडवा यादीत वर चढला आणि ज्याचा ऊस खरोखर पक्व होता तो शेतकरी मागे पडला. उसाचे वजन रानातच घटू लागले.

जाहीरनाम्याने दस्तऐवज त्याज्य मानलेले नाहीत, असा आक्षेप येईल, व तो खरा आहे. परंतु मुदतीच्या कामात डोळ्यांना दिसणारे तेवढेच मोजले जाते. ‘स्प्रिंट’ म्हणजे वेगाची धाव. धावेनंतर विसावा हवा. येथे एक धाव संपताच दुसरी सुरू होते आणि टिपण लिहिणे पुढे ढकलले जाते, कारण त्याचा वाचक अद्याप संघात आलेलाच नसतो.

सर्व अपेक्षा आरंभीच लिहून घेणारी जुनी रीत यावर उपाय नव्हे. खोडव्याची अडचण कारखान्याच्या शेतकी विभागाशी बोलतानाच उमगण्याचा संभव अधिक. संभाषण अर्थ शोधून देते. त्याला टिकविण्याचे काम लेखनाचे. आज्ञावली काय करावयाचे ते सांगते, का करावयाचे ते सांगत नाही. म्हणून संघाने निदान एक शब्दसूची राखावी: संज्ञा, तिचा ठरलेला अर्थ, तारीख आणि कारण. एवढ्याने चपळता उणावणार नाही.