हिमालयातली ओढाताण

हिमालय दाबातून उभा राहिला, हे आपण शाळेत शिकतो. ते खरंच आहे. पण एव्हरेस्टचा माथा त्यापुढची गोष्ट सांगतो.

शिखरावर चुनखडी आहे, चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची. तिच्याखाली गिर्यारोहकांच्या ओळखीचा ‘यलो बँड’ हा पिवळसर संगमरवरी पट्टा, आणि आणखी खाली जमिनीच्या पोटात भाजून निघालेले नाईस व ग्रॅनाइट. न भाजलेला खडक आणि पार भाजलेला खडक यांत एवढं कमी अंतर कसं? मधले कित्येक किलोमीटर गेले कुठे? उत्तरेकडे हलका उतार असलेल्या प्रस्तरभंगांवरून वरचे थर तिबेटच्या बाजूला घसरले. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी. असं घसरणं म्हणजे ताण; दाबाच्या मुलखातला हा ताण १९८५ मध्ये भूवैज्ञानिक बर्चफील आणि रॉयडन यांनी ठळकपणे मांडला. काहींच्या मते ताणापेक्षा खालचा तप्त खडक दक्षिणेकडे पिळून बाहेर आला, हेच महत्त्वाचं. मला दोन्ही एकाच घटनेच्या बाजू वाटतात.

खडकावर या घसरण्याच्या खुणा स्पष्ट असतात. गुळाचा पाक गरम असताना तार धरतो आणि थंड झाला की तुटतो, तसंच इथे. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर गारगोटीचे कण न फुटता लांबतात, अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेला वळतात. फेल्डस्पार हे खनिज मात्र हट्टी. त्याचे दाणे डोळ्यांसारखे उरतात, दोन्ही टोकांना बारीक शेपट्या फुटतात, आणि कोणती बाजू कुठे सरकली हे त्या शेपट्यांच्या वळणावरून कळतं. मऊ थरांमधला कडक थर जागोजागी आवळला जाऊन त्याचे तुकडे पडतात. पुढे हा घसरणीचा पट्टा वर येऊन थंडावला की त्याच खडकात भेगा पडतात, चुरा होतो. म्हणजे जुन्या वाहण्यावर नवं तुटणं.

ताण अजून संपलेला नाही. फक्त आता तो मुख्यतः पूर्व-पश्चिम आहे. १९ जानेवारी १९७५ रोजी हिमाचल प्रदेशातल्या किन्नौरला ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेल्या स्पितीतल्या ताबो मठाचं त्यात मोठं नुकसान झालं. हिमालयातले मोठे भूकंप बहुधा एक खडक दुसऱ्यावर चढल्याने होतात. किन्नौरच्या भूकंपात मात्र उत्तर-दक्षिण जाणाऱ्या कौरिक-चांगो प्रस्तरभंगाच्या पट्ट्यात जमीन दोन्हीकडे ओढली जाऊन खाली खचली होती.