खिडकी एक, हात लाखो!

२८ एप्रिल २०२१. दुपारचे चार वाजत आलेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेनं हैराण झालेलं रायपूर कडक टाळेबंदीत होतं. गोलबाजार बंद, रस्ते ओस. पण घराघरांत मोबाइल आणि लॅपटॉप सरसावून तरुण मंडळी बसली होती. १८ ते ४४ वयोगटासाठी लसीची नोंदणी ‘कोविन’वर ठीक चार वाजता उघडणार होती. पुणं, पाटणा, कोची, गुवाहाटी... सगळीकडे हेच चित्र.

चार वाजले, बटणं दाबली गेली आणि अनेकांच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. कुणाला ओटीपी आलाच नाही, कुणाला ‘सर्व्हर एरर’ची पाटी दिसली. सरकारी आकडेवारीनुसार सुरुवातीला मिनिटाला तब्बल २७ लाख विनंत्या या यंत्रणेवर आदळत होत्या! तरीही दिवसअखेर सव्वा कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली. म्हणजे गाडी अडखळली, पण चालली.

ही अडखळ नेमकी होते कशी? आणि ती दूर करण्याच्या उपायावरून खुद्द कॉम्प्युटरवाल्यांमध्येच का जुंपते?

कारकून एक, रांग मैलभर

संकेतस्थळ म्हणजे एक कचेरीच समजा. तुम्ही बटण दाबलं की खिडकीवर अर्ज जातो. आतला कारकून तो वाचतो, मागच्या दप्तरखान्यात जाऊन नोंद शोधतो आणि उत्तर घेऊन परत येतो. एरवी हे काम क्षणाच्या काही अंशात उरकतं. पण कारकुनांची संख्या ठरलेली आणि दप्तरखान्याचं दारही अरुंद. त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त अर्ज आले की रांग लागते.

खरी गंमत पुढेच आहे. उत्तर आलं नाही म्हणून माणूस वैतागून पुन्हा बटण दाबतो. त्याचा पहिला अर्ज बहुतेक वेळा आत तसाच पडलेला असतो. आता एकाच माणसाचे दोन अर्ज झाले, मग तीन, मग दहा. कारकून अशा अर्जांची उत्तरं लिहीत बसतो, ज्यांचा धनी वाट पाहून केव्हाच निघून गेलेला असतो! गर्दीनं खिडकी मंदावते आणि मंदावली म्हणून गर्दी आणखी वाढते.

माणूस थकतो, प्रोग्रॅम थकत नाही

माणसाच्या बोटाला निदान मर्यादा तरी असते. लसीच्या जागा मिळेनात तेव्हा देशभरातल्या अनेक तरुण प्रोग्रॅमरांनी एक शक्कल लढवली. कोणत्या केंद्रावर किती जागा आहेत, ही माहिती कोविननं बाहेरच्या प्रोग्रॅमनाही खुली केली होती. पिनकोड किंवा जिल्हा सांगितला की उत्तर मिळे. मग ‘रायपूर, ४९२००१, जागा आहे का?’ असं दर काही सेकंदांनी विचारणारा छोटासा प्रोग्रॅम लिहायला कितीसा वेळ लागतो? जागा दिसली की टेलिग्रामवर संदेश. हजारो लोकांना त्याचा उपयोगही झाला.

पण दर सेकंदाला एकदा विचारणारा प्रोग्रॅम दिवसभरात ८६,४०० वेळा विचारतो. असे हजार प्रोग्रॅम झाले की आठ कोटींवर विनंत्या! त्यातही बहुतेक प्रश्नांचं उत्तर एकच असतं : ‘नाही’.

इथेच मतभेदाची ठिणगी

प्रोग्रॅमरांमध्ये दोन तट पडले. एक म्हणे, माहिती जनतेची आहे, ती लोकांपर्यंत पोहोचवली तर बिघडलं कुठे? भार पेलत नसेल तर सर्व्हर वाढवा. दुसरा म्हणे, ज्याला प्रोग्रॅम लिहिता येतो किंवा टेलिग्राम वापरता येतो, त्यालाच आधी लस, हा कुठला न्याय? शिवाय आपल्या हजार विनंत्यांखाली साध्या मोबाइलवरून धडपडणाऱ्या माणसाची एक विनंती चिरडली जाते, त्याचं काय?

भांडण जुनंच आहे. ‘यंत्रं वाढवा’ म्हणणारे एका बाजूला. पण पुढच्या खिडक्या दुप्पट केल्या तरी मागचा दप्तरखाना एकच असेल, तर गर्दी फक्त आत सरकते. ‘आधी रचना सुधारा’ म्हणणारे दुसरे. तेच ते उत्तर दर वेळी दप्तरखान्यातून आणण्यापेक्षा खिडकीबाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवा, असा त्यांचा सल्ला. यालाच ‘कॅशिंग’ म्हणतात. आणि तिसरे म्हणतात, ‘विचारणाऱ्याला लगाम घाला’.

मे २०२१च्या सुरुवातीला सरकारनं दुसरा आणि तिसरा उपाय एकदम योजला. बाहेरच्या प्रोग्रॅमना मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकेल आणि एका इंटरनेट पत्त्यावरून पाच मिनिटांत १००पेक्षा जास्त वेळा विचारता येणार नाही, असा नियम आला. काही प्रोग्रॅमर चिडले. जागा काही मिनिटांत संपतात, मग अर्ध्या तासाची शिळी बातमी काय कामाची? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण खिडकीवर एकट्यानं किती वेळ ठाण मांडायचं, यालाही मर्यादा हवीच होती.

रायपूरनं विचारलेला प्रश्न

छत्तीसगडनं मात्र वेगळाच प्रश्न पुढे आणला. लस मोजकी असताना ‘जो आधी येईल त्याला’ हा नियम गरिबाला परवडणारा आहे का? १ मेपासून राज्यानं १८ ते ४४ वयोगटात आधी अंत्योदय कार्डधारकांना लस द्यायला सुरुवात केली. बिलासपूरच्या उच्च न्यायालयानं त्यावर आक्षेप घेतला आणि सर्व गटांचा वाटा ठरवण्यास सांगितलं. काही दिवस थांबलेलं लसीकरण मग गटवार वाट्यानं पुन्हा सुरू झालं. नोंदणीसाठी राज्यानं ‘सीजी टीका’ हे स्वतःचं पोर्टल काढलं. ज्यांना मोबाइल वा इंटरनेट जमत नव्हतं, त्यांच्यासाठी मदत केंद्रंही उघडली.

वाटा आधीच ठरलेला असला की चपळ बोटांचा तरुण रिक्षावाल्याच्या वाट्याची जागा पळवू शकत नाही. २४ मे रोजी केंद्रानंही सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करण्याची मुभा या वयोगटाला दिली. जून महिन्यात धोरण बदललं, लस वाढली आणि ही शर्यत हळूहळू ओसरली.

तत्काळची दहाची वेळ

लसीची घाई संपली, पण असा प्रसंग घरोघरी अजूनही येतोच. हावडा-नागपूर-मुंबई मार्गावरच्या रायपूरहून दिवाळीत नागपूर-पुण्याकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबांना तत्काळ तिकिटाची झुंज चांगलीच ठाऊक आहे. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहा, इतर डब्यांसाठी अकरा. घड्याळाकडे डोळे लावून बसायचं आणि बघता बघता ‘वेटिंग’!

जून २०२५मध्ये रेल्वेनंच सांगितलं की, तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिन करू पाहणाऱ्यांत निम्म्यापर्यंत माणसं नसून स्वयंचलित प्रोग्रॅम असतात. अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद करण्यात आली. १ जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारची पडताळणी सक्तीची झाली आणि पहिला अर्धा तास एजंटांना दार बंद झालं. यंत्रणेची ताकद कमी नव्हती. २२ मे २०२५ रोजी एकाच मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली होती! पण खिडकी कितीही मोठी केली तरी गाडीतल्या जागा तेवढ्याच राहतात.

आपण काय करायचं?

नाव, वय, ओळखपत्राचा तपशील आधीच तयार ठेवावा. बटण एकदा दाबल्यावर थोडा धीर धरावा. घरातल्या चार फोनवरून एकच अर्ज भरू नये. बोर्डाचा निकाल दहा मिनिटांनी पाहिला तरी गुण कमी होत नाहीत. ‘पैसे कापले, तिकीट नाही’ असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरण्यापूर्वी आधीच्या व्यवहाराची स्थिती तपासावी.

आणि प्रोग्रॅमर मंडळींच्या वादाचं काय? तिन्ही बाजूंत तथ्य आहे. यंत्रं हवीत, रचना नेटकी हवी, लगामही हवा. पण वस्तूच अपुरी असेल तेव्हा ती आधी कुणाच्या हाती जावी, हे सर्व्हर ठरवू शकत नाही. ते माणसांनीच ठरवायला हवं आणि तेही खिडकी उघडण्याआधी.