श्वानदंशानंतरचा मोलाचा वेळ

आमच्या बाह्यरुग्ण विभागात श्वानदंशाचे रुग्ण वर्षभर येत असतात. त्यांपैकी काही जण जखमेवर हळद, मिरचीपूड अथवा चुना लावून येतात. काही जण ‘कुत्रे ओळखीचे आहे’ म्हणून दोन-तीन दिवस थांबून येतात. या विलंबामागे निष्काळजीपणा क्वचितच असतो. बहुधा या रोगाची पुरेशी माहिती नसते. म्हणून या अहवालात रेबीजविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

रेबीजचे विषाणू रोगी प्राण्याच्या लाळेत असतात. चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेवर चाटणे यांतून ते आपल्या शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकू लागतात. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित काही दिवस, तर क्वचित वर्षाहूनही अधिक काळ. चेहरा, मान व हात यांवरील जखमा अधिक धोक्याच्या असतात. विषाणू मेंदूपर्यंत पोहोचून पाण्याची व वाऱ्याची भीती, घशाचे आचके अशी लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. तेव्हा रुग्णाच्या यातना कमी करणे एवढेच डॉक्टरांच्या हाती उरते. म्हणजेच, उपचाराचा खरा काळ लक्षणे दिसण्यापूर्वीचा होय.

पहिला उपचार घरीच करावयाचा आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि नंतर जंतुनाशक लावावे. जखम बांधू नये, तिच्यावर काहीही चोळू नये. त्यानंतर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लस स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, तर त्वचेत दिल्यास ०, ३, ७ व २८ या दिवशी घ्यावी लागते. रक्त आलेली जखम असल्यास लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही जखमेत व तिच्या सभोवती टोचावे लागते. कारण लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होईपर्यंतचे दिवस तेच भरून काढते. ते महाग असते. गरजू रुग्णास पैशाअभावी ते नाकारले जाऊ नये, यासाठी दात्यांचे साहाय्य किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही भीती अनेकांच्या मनात अद्याप आहे. कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये तयार केलेल्या जुन्या प्रकारच्या लसीची ती आठवण होय. मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या त्या लसीचा वापर भारतात २००४ च्या अखेरीपासून बंद झाला. आजची लस दंडात टोचली जाते व ती सुरक्षित आहे. गर्भवती स्त्रिया व तान्ही मुले यांनाही ती देता येते.

प्राण्यांच्या बाबतीतही एक गैरसमज दिसतो. पिसाळलेले जनावर आक्रमकच असते असे नाही. कधी कुत्रे निपचित पडून राहते, त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते. गायी-म्हशींतही अशी लक्षणे दिसतात. घशात काही अडकले असावे, अशा समजुतीने मालक तोंडात हात घालतो आणि स्वतःच धोक्यात येतो. अशा वेळी पशुवैद्यकास बोलवावे. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. परंतु त्यासाठी लस थांबवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजमुळे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे दगावतात आणि सुमारे ४० टक्के बळी पंधरा वर्षांखालील मुलांचे असतात. मूल घरी रागावतील म्हणून ओरखडा लपविते, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. वस्तीतील किमान ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस दिल्यास रोगाची साखळी तुटते. अशा सातत्यपूर्ण लसीकरणामुळेच शेजारचा गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाला.

आमची वाचकांस एकच विनंती आहे : साबण, पाणी आणि वेळेवर घेतलेली लस या तीन गोष्टी आपल्या घरातील प्रत्येकास, विशेषतः मुलांना व घरकामास येणाऱ्यांना, आवर्जून सांगाव्यात. लसीचा शेवटचा डोस चुकवू नये. रेबीजपासून माणूस वाचतो, तो लक्षणांपूर्वीच्या या उपचारांनीच.